जमिनीची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तहनामे आठवतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो आपल्या पायाखालचा आहे. घर उभारण्याआधी खालची माती त्याचा भार पेलील की नाही, हे माणूस जमिनीलाच विचारायला कसा शिकला, एवढाच माझा विषय.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला माती विचारा. तो सांगेल, ही बरडी, उंचवट्यावरची, खड्यांची, हलकी. ही सिहार, पिवळसर, रेतीचा अंश असलेली. ही मोरंड, काळसर, चुनखडीचे खडे असलेली. आणि ती खोलगट भागातली काळी, चिवट कन्हार. एकाच गावच्या शिवारात या चारही भेटू शकतात. पण ही नावे पडली ती पिकाच्या हिशेबाने, भिंतीच्या नव्हे. कन्हार पाणी धरून ठेवते म्हणून रब्बीला चांगली. आणि पाणी धरून ती फुगते, म्हणूनच भिंतीला वाईट. शेजाऱ्याने तीन फूट पाया घातला म्हणून आपणही तीन फूट घालावा, हा हिशेब येथेच फसतो. त्याची बरडी असते, आपली कन्हार.

माझ्याच घराची गोष्ट सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही गावी घर बांधले. दिवस वैशाखाचे. मिस्त्रीने पायाच्या नालीत सब्बल मारली, ती खणखणली. “सर, दगड हाये दगड! तीन फूट बस झाले,” तो म्हणाला. मलाही ते पटले. खरे सांगायचे तर पैसे वाचत होते म्हणून पटले. कन्हार उन्हाळ्यात वाळली की विटेसारखी कडक होते, हे माझ्या वडिलांना ठाऊक होते. पण त्यांना मी विचारलेच नाही. दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. रोवणीच्या दिवसांत ती मिटायची आणि चैत्र-वैशाखात पुन्हा उघडायची, इतकी की तीत नाणे उभे राहावे.

मिस्त्रीला मी पुष्कळ दिवस दोष दिला. पुढे कॅनडातल्या एका धान्यकोठाराची हकीकत वाचली, तेव्हा तो राग ओसरला. आपला मुलूख धानाचा आणि धानगिरण्यांचा, म्हणून ती आपल्याला लवकर कळेल. विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथे तिथल्या एका रेल्वे कंपनीने गव्हाचे प्रचंड कोठार बांधले. एका पंक्तीत 13 अशा पाच पंक्ती, म्हणजे 65 उंच गोल कोठ्या. आणि त्या सगळ्यांखाली 77 फूट रुंद व 195 फूट लांब असा काँक्रीटचा एकच सलग पाया. बांधण्यापूर्वी इंजिनिअरांनी परीक्षा घेतली होती, बरं का! खड्ड्याच्या तळावर लहानशा पट्टीवर वजन ठेवून माती किती दबते ते पाहिले. मातीने भार पेलला. 1913 च्या सप्टेंबरात गहू भरायला सुरुवात झाली. 18 ऑक्टोबरला, कोठार जवळजवळ भरत आले असता, इमारत तासाभरात फूटभर खचली आणि पश्चिमेकडे कलू लागली. चोवीस तासांत ती जवळजवळ 27 अंश कलली. कोठ्या मात्र बहुतेक शाबूत राहिल्या! बांधकामात खोट नव्हती. पुढे खालच्या खडकापर्यंत खांब उतरवून आणि जॅक लावून ते अवजड कोठार पुन्हा सरळ करण्यात आले.

मग परीक्षा चुकली कुठे? सुमारे 40 वर्षांनी राल्फ पेक या अमेरिकन अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्याने तेथे बोअर घेऊन याचा उलगडा केला. वर कडक चिकणमातीचा थर, त्याखाली मऊ चिकणमातीचा, आणि मग खडक. वरून टाकलेल्या भाराचा दाब साधारणपणे पायाच्या रुंदीच्या दीडपट-दुप्पट खोलीपर्यंत जाणवतो. पट्टी होती लहान, म्हणून तिचा दाब वरच्या कडक थरातच विरला. सत्याहत्तर फुटांच्या पायाचा दाब मात्र खालच्या मऊ थराला थेट भिडला. पट्टीने खोटे सांगितले नव्हते. तिला विचारले तेवढेच तिने सांगितले. आमच्या सब्बलीनेही तसेच केले. फरक इतकाच, की त्यांचा प्रश्न खोलीत कमी पडला आणि आमचा खोलीतही पडला, ऋतूतही.

खोलवर विचारण्याची एक रीत तोवर अमेरिकेत निघाली होती. 1902 च्या सुमारास बोस्टनच्या चार्ल्स गाऊ या कंत्राटदाराने बोअरच्या तळाशी जाड नळी ठोकून मातीचा नमुना वर आणायला आरंभ केला. नळी आत घालायला किती ठोके लागतात, तेही जमिनीचेच उत्तर आहे, हे मागाहून ध्यानात आले. त्यातून आजची प्रमाण भेदन चाचणी आली. तिपाईवरून साडेत्रेसष्ट किलोचे वजन 75 सेंटिमीटर उंचीवरून सोडायचे. नळी 45 सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पहिल्या 15 सेंटिमीटरांचे ठोके हिशेबात धरायचे नाहीत, कारण बोअर घेताना तेवढी माती विस्कटलेली असते. उरलेल्या 30 सेंटिमीटरांचे ठोके म्हणजे जमिनीचे गुण. रेतीत दहाच्या आत ठोके लागले तर ती सैल, तिसाच्या वर गेले तर घट्ट. आपल्याकडे 1963 साली भारतीय मानक संस्थेने ही रीत प्रमाण म्हणून छापली.

मऊ चिकणमातीत मात्र ठोक्यांवर फार विसंबता येत नाही. अशी माती उचलून प्रयोगशाळेत नेली तर वाटेतच तिचा घाट मोडतो. म्हणून स्वीडनमध्ये चार पात्यांची एक फिरकी रुळली. ती जमिनीत रोवायची आणि पिळायची. माती कोणत्या पिळाला फाटते, ते मोजायचे. माती जागची हलवायची नाही, जागच्या जागीच तिची साक्ष घ्यायची.

काळ्या मातीचा प्रश्न खास आपला. ती वर्षाला फुगते आणि आक्रसते. पण हा खेळ साधारण साडेतीन मीटरच्या खाली फारसा पोचत नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुणाचा उपयोग केला. खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब त्या खोलीवर रोवायचे आणि घर त्यांच्यावर टेकवायचे. वरची माती मग हवी तेवढी फुगो.

आता तुम्ही म्हणाल, घरकुल बांधणाऱ्याने तिपाई आणि इंजिनिअर कुठून आणावा? शाळेची खोली सरकारी पैशातून होत असेल, तर माती तपासली का, किती खोल तपासली आणि कोणत्या महिन्यात, एवढे शिक्षकांनी अवश्य विचारावे. कागद दाखवा म्हणावे. स्वतःच्या घराला निदान एक खड्डा माणूसभर खोल खणावा, आणि तोही पावसाळा सरताना. गावात विहीर खणणारा म्हातारा असेल तर त्याला शेजारी उभे करावे. कोणत्या आळीत किती हातांवर काय लागते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

भेग पडल्यावर मीही तो खड्डा खणला. आश्विन महिना होता. विहीर खणणारे आमचे बाबाजी काठावर विडी ओढत बसले होते. दोन फुटांखाली माती पायाला लोण्यासारखी चिकटत होती. पाच फुटांवर चुनखडीचे खडे आले. सात फुटांवर मुरूम लागला. बाबाजी म्हणाले, “विहिरीतही सातावरच लागला होता. तुमच्या बापाच्या लग्नाच्या साली.”