कानातलं, पण दागिना नव्हे



सध्या आपल्या खरेदीच्या यादीत एक नवं कानातलं आलंय. सोन्याचं नाही, मोत्याचंही नाही. बिनवायरचं, बोराएवढं, डबीत ठेवायचं. त्याला इअरबड म्हणतात. कुणाला ते ऑफिसच्या कॉलसाठी हवं असतं, कुणाला पोळ्या लाटताना गाणी ऐकायला आणि बहुतेकींना दोन्हींसाठी. दुकानात गेलं की मात्र गोंधळ उडतो. गाण्याला झकास वाजणारं यंत्र फोनवर बोलताना रुसतं, समोरून 'आवाज तुटतोय हो' असं ऐकू येत राहतं. कॉलला चांगलं असलेलं गाण्याला कोरडं वाटतं. असं का होतं, याचं उत्तर दुकानदारापेक्षा इतिहासात लवकर सापडतं. या यंत्राला दोन कुळं आहेत, एक कामाचं आणि एक करमणुकीचं. कामाचं कूळ तर बायकांच्या खांद्यावरून, अक्षरशः खांद्यावरून, चालत आलंय. आज त्याच कुळाबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

टेलिफोनचं पेटंट १८७६ सालचं. पुढच्या दोनच वर्षांत अमेरिकेत एक्स्चेंज सुरू झाली. तेव्हा नंबर फिरवायची सोय नव्हती. तुम्ही फोन उचललात की एक्स्चेंजमध्ये कुणीतरी 'कोण हवंय?' विचारणार आणि समोरच्या फळीवर तुमची तार त्यांच्या तारेला जोडणार. या कामाला आधी तारखात्यातली पोरं ठेवली होती. ती गिऱ्हाइकांना उलट बोलत, शिव्या देत, आपसांत मस्ती करत. शेवटी १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनच्या एक्स्चेंजमध्ये एमा नट नावाची मुलगी रुजू झाली. जगातली पहिली टेलिफोन ऑपरेटर बाई. काही तासांतच तिची बहीण स्टेलाही तिथेच कामाला लागली. एमाला आठवड्याला ५४ तासांच्या कामाचे महिन्याला दहा डॉलर मिळत. तिनं हे काम तेहतीस वर्षं केलं. बायकांचा आवाज मऊ असतो, त्या सबुरीनं बोलतात, म्हणून कंपन्यांनी त्यांना घेतलं असं सांगतात. ते खरंही असेल. पण बाई कमी पगारात मिळते, हे कंपन्यांना आवाजाइतकंच गोड लागलं असणार.

आता कानाकडे येऊ. ऑपरेटरचे दोन्ही हात तारा जोडण्यात-काढण्यात गुंतलेले. मग ऐकायचं कसं आणि बोलायचं कशात? १८८० च्या दशकात एझ्रा गिलिलँड यानं यावर तोड काढली. खांद्यावर जू ठेवावं तसा सांगाडा, त्याला एका कानाशी येणारं ऐकायचं यंत्र आणि तोंडासमोर बोलायचं. त्याचं वजन दहा पौंडांहून जास्त, म्हणजे साडेचार किलोच्या वर. किराण्याच्या दुकानातून पाच किलो पिठाची पिशवी घरी आणताना आपण दोनदा हात बदलतो. या मुली जवळजवळ तेवढं ओझं खांद्यावर घेऊन दिवसभर बसत, आणि आवाजात हसू ठेवत. आजचा एक इअरबड साधारण चार ते सहा ग्रॅमचा असतो. म्हणजे वजन जवळपास हजार पटींनी उतरलं.

पुढे सांगाडा गेला आणि डोक्यावरची पट्टी आली. बोलायचं भोंग्यासारखं यंत्र छातीवरच्या पत्र्यावर बसवलं. ऐकायचं यंत्र मात्र एकाच कानाला राहिलं, ते लक्षात ठेवा. दुसरा कान मोकळा, कारण पाठीमागे फिरणाऱ्या पर्यवेक्षिकेची सूचना त्याच कानानं ऐकायची. कंपन्यांच्या अटीही पाहण्यासारख्या होत्या. मुलगी अविवाहित हवी आणि फळीच्या वरच्या टोकाला पोचेल इतका तिचा हात लांब हवा. आपल्याकडे वधूपरीक्षेत चालायला लावायचे, तिकडे हात वर करायला.

याच बायकांनी पहिलं महायुद्ध जोडून दिलं. १९१८ साली अमेरिकी सैन्य फ्रान्समध्ये होतं आणि टेलिफोनवर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही सफाईनं बोलणारी माणसं हवी होती. जनरल पर्शिंग यांनी बायका मागवल्या. ग्रेस बँकर या मुख्य ऑपरेटरच्या हाताखाली पहिली तुकडी गेली. एकूण दोनशेवर बायका समुद्र ओलांडून गेल्या. त्यांना 'हॅलो गर्ल्स' म्हणत. अंगावर गणवेश, शपथ घेतलेली आणि काही जणी आघाडीपासून फार लांबही नव्हत्या. युद्ध संपलं, त्या घरी परतल्या. सरकार म्हणालं, तुम्ही सैनिक नव्हतात, नागरी कर्मचारी होतात. पेन्शन नाही, सैनिकी दवाखाना नाही, मेल्यावर शवपेटीवर झेंडाही नाही. मर्ल एगन अँडरसन या बाईनं हा प्रश्न कित्येक दशकं लावून धरला. कायदा झाला तो १९७७ मध्ये, साठ वर्षांनी. तोवर त्यांच्यातल्या मोजक्याच हयात होत्या.

सगळ्याच जणी मात्र साठ वर्षं थांबल्या नाहीत. एप्रिल १९१९ मध्ये बॉस्टन आणि भोवतालच्या राज्यांतल्या सुमारे आठ हजार ऑपरेटरांनी ज्युलिया ओ'कॉनर यांच्या पुढारपणाखाली कानावरची यंत्रं काढून ठेवली. सहा दिवस त्या भागातले टेलिफोन मुके झाले. सहाव्या दिवशी पगारवाढ मान्य झाली.

आपल्याकडे मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झाली. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहणारी पिढी आपल्या घरांत अजून आहे. त्या पलीकडच्या 'नंबर प्लीज' म्हणणाऱ्या आवाजाला चेहरा होता, कानावर पट्टी होती, पण ते कुणाच्या डोक्यात येत नसे. १९६० मध्ये लखनौ-कानपूर अशी पहिली थेट एसटीडी सेवा सुरू झाली आणि जोडणारीचं काम हळूहळू संपत गेलं. पण हेडसेट संपला नाही. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये तो पुन्हा मुलींच्या डोक्यावर आला, या वेळी रात्रपाळीत. आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरात शिरला, थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत.

आता दुसरं कूळ, करमणुकीचं. हे पहिल्यापासून लाडाचं. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यानं ऑपेरागृहातलं गाणं तारेवरून प्रदर्शनात आणलं. श्रोत्यांच्या दोन कानांना दोन वेगळी यंत्रं दिली होती. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेला की ते कानाला कळायचं, त्यामुळे लोक चकित झाले. बघा, काम करणारीला एक कान, ऐकून सुखावणाऱ्याला दोन! फरक पहिल्या पाच वर्षांतच पडला होता. १८९१ मध्ये एर्नेस्ट मेर्काडिए या फ्रेंच माणसानं कानाच्या आत बसणाऱ्या, रबराचं टोक असलेल्या यंत्राचं पेटंट घेतलं. पन्नास ग्रॅमच्या आतलं. आजच्या इअरबडचा हा पणजोबाच म्हणायचा. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवून आरमाराला पाठवले. आरमाराला ते पसंत पडले, मोठी मागणी आली. हा म्हणतो, एका वेळी दहाच देईन, कारण मी स्वयंपाकघरातच बनवतो. घरच्या बाईनं चूल कुठे मांडली असेल, हा प्रश्न मला पडतो.

मधल्या काळात रेडिओ आला. २३ जुलै १९२७ ला मुंबई केंद्र सुरू झालं. त्या काळच्या साध्या क्रिस्टल संचांवर कानाला यंत्र लावूनच ऐकावं लागे. १९५८ मध्ये जॉन कॉस यानं खास गाण्यासाठी स्टिरिओ हेडफोन काढले. मग १९७९ चा वॉकमन. त्याची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सोनीच्या अकिओ मोरिता यांनी नमुना घरी नेऊन ऐकायला सुरुवात केली आणि त्यांच्या बायकोला राग आला, कारण ती त्यातून बाहेर पडली होती. म्हणून पहिल्या वॉकमनला दोघांसाठी दोन भोकं ठेवली, आणि एकमेकांशी बोलायला एक नारिंगी बटणही. पुढे लोक एकएकटेच ऐकतात असं दिसलं आणि बटण गेलं. मोरिताबाईंचा राग मात्र रास्त होता. घरात प्रत्येकाच्या कानात काहीतरी आणि जेवायला हाका मारणारी एकटीच बाहेर, हे चित्र आता आपल्याला पाठ आहे.

ही दोन कुळं एकत्र आली ती ब्लूटूथमुळे. १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून हे तंत्र पुढे आणलं आणि दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं नाव त्याला दिलं. यात आवाज एकाच लहरीवर बसून राहत नाही. ७९ मार्गिकांवर सेकंदाला १६०० उड्या मारत जातो, म्हणून शेजारणीच्या यंत्राशी टक्कर होत नाही. उड्या मारण्याच्या कल्पनेचं एक पेटंट १९४२ मध्ये हेडी लमार या सिनेनटीनं संगीतकार जॉर्ज अँथील याच्यासोबत घेतलं होतं. पाणतीर शत्रूला भरकटवता येऊ नये म्हणून ८८ लहरींवर उड्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. आरमारानं तेव्हा ते बाजूला ठेवलं, आणि पेटंटची मुदत तिला एक पैसा न मिळताच संपली. 'ब्लूटूथ हेडीनं शोधलं' असं हल्ली सर्रास म्हणतात, ते जास्तीचं आहे. कल्पना इतरांनाही सुचली होती. पण तिचं नाव घेतलंच पाहिजे.

लग्न लागलं तरी दोन कुळांचे स्वभाव जुळले नाहीत. गाणं ऐकताना सगळी वाट एकाच दिशेनं, फोनकडून कानाकडे, मोकळी असते. कॉल आला आणि माइक सुरू झाला की तीच वाट दोन्ही बाजूंना वाटून द्यावी लागते आणि आवाज चपटा होतो. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेत असे, बोलणं कळण्यापुरता. साध्या ब्लूटूथ कॉलनं तोच वारसा घेतला. नव्या यंत्रांत सुधारणा झाली आहे, तरी गाण्याला छान म्हणून कॉलला छान, हे गणित जमत नाही.

डब्यावर 'एएनसी' आणि 'ईएनसी' अशी दोन जुळी नावं असतात, तिथे तर हमखास फसगत होते. एएनसी तुमच्या कानासाठी. बाहेरच्या आवाजाची बरोबर उलटी लाट तयार करून ती त्याला शांत करते. १९७८ मध्ये झुरिकहून विमानानं येताना अमर बोस यांनी याचं गणित मांडलं. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यसैनिक. पंखा, विमान, बसचं इंजिन अशा एकसुरी घरघरीवर ती चांगली चालते, मिक्सरच्या किंचाळण्यावर कमी. ईएनसी मात्र समोरच्याच्या कानासाठी, तुमच्या माइकमधला गोंगाट गाळणारी. दिवसाला चार-पाच मीटिंगा असतील तर पैसे ईएनसीवर घाला. दुकानातूनच मैत्रिणीला फोन लावा, दाराबाहेर रस्त्यावर उभ्या राहा आणि ती काय म्हणते त्यावर ठरवा. तुम्हाला काय ऐकू येतं त्यावर नको.

आणि खरं सांगू? कामाचे कॉलच असतील आणि गाणं अधूनमधूनच, तर माइकवाला वायरचा साधा इअरफोन घ्या. त्याचा माइक तोंडाजवळ लोंबतो, चार्जिंग नाही, हरवत नाही. तो गावंढळ दिसतो, एवढाच त्याचा दोष.

बिनवायरचंच हवं असेल तर रबराची टोकं बदलून बघा. बायकांची कानाची पोकळी सरासरीनं लहान असते, आणि दुकानात यंत्रावर मधल्या मापाची टोकं चढवलेली असतात. टोक सैल बसलं की ढोलकी-तबल्याचा भारदस्तपणा जातो, आपण आवाज वाढवतो आणि कान थकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास ही मोठ्यांची मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहाच.

मीटिंग लांबणार असेल तर एक बड कानात आणि एक डबीत चार्जिंगला ठेवा, तासाभरानं अदलाबदल करा. बऱ्याच यंत्रांत हे जमतं, घेताना तेवढं विचारून घ्या. मग दुसरा कान मोकळा राहतो, कुकरच्या शिट्ट्या मोजायला.