झीह्वा मंदिराच्या सुषिरवादनाची वाटचाल

मिंग दरबारातला बलाढ्य खोजा वांग झेन याने 1443 मध्ये बीजिंगच्या पूर्व भागात आपल्या घराण्याचे देवालय म्हणून झीह्वा मंदिर उभारायला घेतले. इथले वादनही त्यानेच दरबारातून आणले, असे परंपरा सांगते. 1449 मध्ये तूमूच्या लढाईत सम्राट मंगोलांच्या हाती सापडला आणि वांग झेन प्राणास मुकला. पुन्हा गादीवर आलेल्या त्याच सम्राटाने 1457 मध्ये मंदिरात वांग झेनचे स्मारक केले. 1742 मध्ये शेन टिंगफांग या अधिकाऱ्याच्या अर्जावरून वांग झेनची मूर्ती हटवण्यात आली. संस्थापकाची अशी वासलात लागली, पण वादनाला खंड पडला नाही.

या ताफ्याचा म्होरक्या म्हणजे गुआन. मध्य आशियातल्या कूचा राज्याकडून चीनमध्ये आलेले हे वाद्य सनईसारखेच दुहेरी पत्तीवर वाजते. मात्र त्याची आखूड नळी शेवटपर्यंत एकाच व्यासाची असते आणि पुढे प्याला नसतो. म्हणून एवढ्याशा नळीतून अनपेक्षित खर्ज निघतो. चीनमध्ये इतरत्र आठ छिद्रांचा गुआन रूढ झाला. झीह्वाने मात्र पुढे सात आणि मागे दोन, अशी नऊ छिद्रांची सोंग काळातली घडण सोडली नाही. त्याच्या जोडीला बासरीच्या जातीची दी, छोट्या गाँगचा यून्लुओ आणि सतरा नळ्यांचा शंग. शंगमध्ये धातूच्या सुट्या पत्त्या थरथरतात. आपल्या कीर्तनातली पेटीही त्याच तत्त्वावर बोलते.

1694 मध्ये लिहिलेली स्वरलिपीची वही आजही उपलब्ध आहे. वहीत मात्र केवळ सांगाडा. मधल्या जागा, हरकती गुरूच्या तोंडूनच घ्यायच्या. शिष्याने आधी सगळे गाऊन पाठ करायचे, वाद्य त्यानंतर हाती यायचे. भुकेल्या प्रेतात्म्यांना अन्न देण्याच्या विधीत आणि अंत्यसंस्कारांत हे वादन होई.

विसाव्या शतकात मंदिराला दारिद्र्याने घेरले. 1930 च्या दशकात दोन दालनांची कोरीव छते विकली गेली. आज ती फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटी इथल्या संग्रहालयांत आहेत. 1949 नंतर विधींची मागणी आटली आणि भिक्षूंची पांगापांग झाली. अशा वेळी यांग यिनलिउ आणि झा फूशी हे संगीतज्ञ इथे आले. यांग यांनी केलेली तपशीलवार नोंद म्हणजे या परंपरेवरचे मोठे ऋणच. 1961 मध्ये वास्तूला राष्ट्रीय संरक्षण मिळाले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत वाद्ये गप्प झाली.

1980 च्या दशकात हयात असलेल्या वृद्ध भिक्षूंना पुन्हा एकत्र आणले गेले, तेव्हा त्यांची बोटे आणि स्मरण दोन्ही शाबूत होती. पण नवे भिक्षू कुठून आणायचे? उत्तर हबेई प्रांतातल्या च्युजियायिंग गावात सापडले. तिथल्या शेतकऱ्यांचे स्वतःचे विधिवादनाचे मंडळ होते, त्यामुळे हे सूर मुलांच्या कानांना परके नव्हते. 1991 मध्ये गावातली काही मुले मंदिरात शिकायला आली. सव्विसाव्या पिढीचे भिक्षू बन्शिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंडन न केलेल्या या मुलांना हातचे न राखता विद्या दिली. परंपरेच्या साडेपाच शतकांतला हा सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल.

2006 मध्ये या संगीताचा चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत समावेश झाला. बन्शिंग 2009 मध्ये निवर्तले. आज मंदिर हे संग्रहालय आहे. गावातून आलेल्या त्या मुलांपैकी हू चिंगश्वे आणि सत्ताविसाव्या पिढीतले त्यांचे सोबती तिथे अभ्यागतांसमोर नियमित वादन करतात आणि पुढच्या शिष्यांनाही आधी गायला बसवतात.