परंड्याचा खंदक

धाराशिव जिल्ह्यात किल्ला म्हटलं की लोक नळदुर्गला जातात. परंड्याकडे कमी वळतात. परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नाही, म्हणून दुहेरी तटबंदी आणि सभोवती खंदक. शत्रूच्या शिड्या तटाला भिडू नयेत, भिंतीखाली सुरुंग पेरता येऊ नये, हे काम खंदकाचं. किल्ल्याची बांधणी बहमनी वजीर महमूद गवान यांच्या नावावर सांगितली जाते.

इ.स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं. तेव्हा मलिक अंबर आणि इतर सरदारांनी दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि परंडा राजधानी झाली. पुढे १६३४ मध्ये शहजादा शुजा आणि महाबतखान यांनी परंड्याला वेढा घातला, पण किल्ला न घेताच त्यांना परतावं लागलं.

‘खंदक’ हा शब्दही लांबून आला आहे. मूळ फारसी, तिथून अरबीत गेला. इ.स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी चर खणण्याचा सल्ला दिला आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतः खणायला हात लावला. ती लढाई ‘गज्वा-ए-खंदक’ म्हणून ओळखली जाते. गंमत म्हणजे फारसीतलं ‘कंदन’ आणि आपलं ‘खणणे’ एकाच प्राचीन धातूतून निघालेत. तेव्हा हा शब्द परका म्हणावा की घरचा?

इंग्लंडच्या खेड्यांत मध्ययुगीन खंदकांच्या हजारो जागा आहेत. त्यातले बरेचसे राजांचे नव्हेत, गावच्या जमीनदारांच्या वाड्यांभोवतीचे. वाडा कधीच पडला, उरला तो गवताने भरलेला चर. तरीही अशा अनेक जागा कायद्याने संरक्षित आहेत. कारण ओल्या गाळात लाकूड, चामडं, बियाणं शेकडो वर्षं टिकतं. तिथला माणूस काय पिकवत होता, काय खात होता, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे बुरुज आणि तोफेपुढे फोटो निघतात. खंदक मात्र कचरा टाकायची किंवा बुजवायची जागा ठरतो. किल्ला कुणाचा, यावर आपण हिरिरीने भांडतो. पण सुलतान कुणीही असो, कुदळ मारणारे हात याच मातीतल्या कष्टकऱ्यांचे असणार. बखरी, तवारिखांत त्यांची नावं नाहीत. त्यांचं काम मात्र खंदकाच्या रूपाने समोर आहे. तो बुजला, तर त्यांची एवढी एक खूणही जाईल. म्हणून शाळेची सहल परंड्याला नेली, तर दरवाजातून आत शिरण्याआधी मुलांना खंदकाच्या काठाने फिरवून आणा.