ज्यांस समुद्राखेरीज कबर नाहीं

मुलुंड-घाटकोपराकडून मुंबईंत येणाऱ्या गाड्या मशीद स्थानकावरून जातात. तेथून गोदीच्या बाजूस जवळच ‘इंडियन सेलर्स होम’ हें खलाशांचें वसतिगृह आहे. पहिल्या महायुद्धांत कामीं आलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचें स्मारक याच वास्तूंत आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर ज्यांस लाभली नाहीं, अशांचें हें स्मारक.

यांतील बहुतेक लोक सैनिक नव्हते. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर डेकवरचें काम रत्नागिरीचे, गुजराथचे व मलबारचे खलाशी करीत. भट्टीपाशीं पंजाबी व पठाण आगवाले असत. उतारूंच्या खाण्यापिण्याची व्यवस्था गोमंतकीयांकडे असे. हातीं बंदूक नाहीं, अंगावर लष्करी पोशाख नाहीं. पण टॉर्पेडो हा भेद जाणत नाहीं, आणि बोट फुटली म्हणजे तळच्या भट्टीपासून वर येण्यास आगवाल्यास सर्वांत कमी अवधि मिळतो. ३० डिसेंबर १९१५ रोजीं लंडनहून मुंबईस येणारी ‘पर्शिया’ ही बोट क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीनें बुडविली. बोट अवघ्या कांहीं मिनिटांत तळास गेली. ५१९ जणांपैकीं ३४३ दगावले.

लंडनमध्यें टॉवर हिलवरील ट्रिनिटी स्क्वेअर उद्यानांत व्यापारी जहाजांवरील मृतांचें भव्य स्मारक आहे. नव्या दिल्लीचे शिल्पज्ञ ल्यूटेन्स यांनीं तें आंखलें व १९२८ सालीं राणी मेरी यांनीं त्याचें अनावरण केलें. त्यावर पहिल्या युद्धांतील सुमारें १२,००० नांवें जहाजवार कोरलीं आहेत. हिंदी खलाशांचीं नांवें मात्र मुंबईस ठेवण्यांत आलीं. एकाच बोटीबरोबर बुडालेलीं माणसें अशीं दोन शहरांत वांटलीं गेलीं! नोकरींतही त्यांचा करार निराळाच होता. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका असे. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटतांच ब्रिटिश बंदरांतील हिंदी खलाशांनीं पगारवाढीसाठीं काम बंद केलें. शेंकडों तुरुंगांत गेले. पण पगार वाढला. त्यानंतरचीं सहा वर्षें हिंदी खलाशी पाणबुड्यांनीं भरलेल्या समुद्रावर राबत राहिले.

त्या युद्धांत समुद्रांत नाहींशा झालेल्या हिंदी आरमाराच्या व व्यापारी जहाजांच्या सुमारें ६,५०० लोकांचीं नांवें दगडावर न कोरतां एका ग्रंथांत नोंदलीं आहेत. त्याची एक प्रत मुंबईस आहे, दुसरी चितगांवच्या युद्धस्मशानांत. १९४७ सालीं व पुन्हां १९७१ सालीं सरहद्दी बदलल्या, आणि चितगांव आज बांगला देशांत आहे. दोन्ही प्रतींत कोंकणचा खलाशी व सिल्हेटचा खलाशी एकाच यादींत आहेत.