तंजावूरचा धन्वंतरी महाल आणि बाळाच्या वजनाची रेषा

तंजावूरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. तेथील उपचार तमिळ पद्यांत बांधले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या त्या संग्रहात गर्भिणी आणि बालरोग यांवरील भागही आहे. राजाच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. रुग्णागणिक नोंद ठेवण्याची ही शिस्त त्या काळी विरळाच.

बाळाचे वजन मात्र तेव्हा नित्याच्या वैद्यकात कोठेच मोजले जात नसे. आपल्या परंपरेत परीक्षा होई ती दुधाची. सुश्रुतसंहितेनुसार थंड पाण्यात टाकलेले दूध तंतू वा फेस न धरता एकजीव झाले, तर ते शुद्ध. त्याने बालकाचे आरोग्य, शरीराची वाढ आणि बळ साधते. वाढ हे फळ मानले होते, पण तिला माप नव्हते. ते माप रुजवले पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ पिएर ब्युदँ यांनी. १८९२ पासून ते अंगावर पिणाऱ्या अर्भकांना ठरावीक दिवशी बोलावून तराजूत घालू लागले.

तराजू आला, पण तुलना कोणाशी करायची? भारतात बराच काळ बोस्टनच्या मुलांवर बेतलेली हार्वर्ड प्रमाणे वापरली गेली. १९७७ च्या अमेरिकी आलेखांतील अर्भकांची आकडेवारी ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज या एका गावाच्या परिसरातली, आणि ती बाळे बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली. जागतिक आरोग्य संघटनेने हेच आलेख जगभरासाठी स्वीकारले. एका गावाची बाळे साऱ्या जगाचे माप ठरावीत, हे आज वाचताना अजब वाटते.

परिणाम साधा नव्हता. स्तनपानावरील बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्याने भरते, मग वेग मंदावतो. जुन्या आलेखावर हा मंदावलेला वेग घसरण दिसे. ‘दूध पुरत नाही’ असे आईला सांगितले जाई आणि वरचे दूध सुरू होई. जेथे पाणी स्वच्छ नाही तेथे त्या बाटलीतून जुलाब येत, आणि मग वजन खरोखरच उतरे.

तमिळनाडूच्या एकात्मिक पोषण प्रकल्पाने १९८० मध्ये मदुराई जिल्ह्यातून वेगळा मार्ग धरला. ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांचे वजन दरमहा करावयाचे आणि ज्याची वाढ खुंटली त्याला ठरावीक मुदतीपुरता पूरक आहार द्यायचा. एकाच दिवशीच्या आकड्यापेक्षा लागोपाठच्या महिन्यांतील फरकाला येथे महत्त्व होते. अर्थात सहा महिन्यांआतील बाळांचा प्रश्न त्याने सुटला नाही.

तो सुटला १९९७ ते २००३ च्या अभ्यासाने. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील सुमारे ८,५०० मुले मोजली गेली. भारताचे केंद्र दक्षिण दिल्लीत होते. स्तनपान हाच आदर्श धरून एप्रिल २००६ मध्ये नवे आलेख प्रसिद्ध झाले. त्यांत मुलग्याचे मध्यम वजन जन्मतः ३.३, तीन महिन्यांस ६.४, सहा महिन्यांस ७.९ आणि वर्षाला ९.६ किलो आहे. म्हणजे पहिल्या तिमाहीत ३.१ किलोंची भर, दुसरीत १.५ आणि पुढील अख्ख्या सहामाहीत अवघी १.७. जन्मानंतर काही दिवस वजन थोडे घटून साधारण दोन आठवड्यांत भरून येते, हेही स्वाभाविकच. याच प्रमाणांवर बेतलेले मुलगा व मुलगी यांचे स्वतंत्र आलेख आता देशभरच्या अंगणवाड्यांत भरले जातात.