कंपनीचें दप्तर आणि पुरंदरचा तह

ईस्ट इंडिया कंपनीनें मराठ्यांवर जय कसा मिळविला, या प्रश्नाचें उत्तर बहुधा कवायती पलटणी व तोफा यांच्या हिशेबानें देण्यांत येतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. सहा महिन्यांच्या सागरी वाटेपलीकडे बसलेल्या व्यापाऱ्यांनीं मुंबई, मद्रास, कलकत्ता, इराणांतील बंदर अब्बास आणि चीनमधील कँटन येथील वखारी एका तंत्रानें कशा चालविल्या, याचा उलगडा तोफांनीं होत नाहीं; तो दप्तरानें होतो. त्या दप्तराच्या घडणीचा विचार एका प्रसिद्ध प्रसंगाच्या आधारें करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कंपनीस ३१ डिसेंबर १६०० रोजीं सनद मिळाली. पुढें लंडनांत लेडनहॉल रस्त्यावरील तिची कचेरी हें या सर्व कागदांचें माहेरघर झालें. प्रत्येक इलाख्याचें कौन्सिल आपल्या बैठकांची नोंदवही ठेवी. आलेलें पत्र, त्यावरील विचार, सभासदाचें विरुद्ध मत आणि अखेरचा ठराव हें सर्व तींत नमूद होई, व तिची नक्कल लंडनास रवाना होई. पत्रांतील कलमांस अनुक्रमांक घालीत. त्यामुळें उत्तर देणारास कोणत्या कलमाविषयीं आपण लिहितों हें नेमकें दाखवितां येई. जहाजाबरोबर मजकूर बुडूं नये म्हणून एकाच पत्राच्या प्रती निरनिराळ्या जहाजांनीं धाडीत. १८२३ पासून १८५८ पर्यंत या कचेरींत नोकरीस असलेल्या जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्ववेत्त्यानें १८५२ सालीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें साक्ष देतांना, हिंदुस्थानचा सगळा कारभार लेखी चालतो, हाच सुराज्याचा मोठा आधार म्हणून सांगितला. कारकून बदलला, गव्हर्नर मेला, तरी कचेरीची आठवण बुजत नसे.

परंतु या यंत्राचें व्यंगही आपल्याच इतिहासांत उघडें पडलें आहे. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टानें युद्ध व तह यांच्या बाबतींत मुंबईकर कलकत्त्याच्या तंत्राखालीं आले. तरीहि त्यांनीं ६ मार्च १७७५ रोजीं रघुनाथरावाशीं सुरतेस तह केला आणि साष्टी व वसई पदरांत पाडून घेण्याचा घाट घातला. १८ मे रोजीं आडासची लढाई झाली. कलकत्तेकरांनीं हा उद्योग अमान्य करून कर्नल अप्टन यास पुणें दरबारीं पाठविलें, व १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. रघुनाथरावाचा पक्ष सोडण्याचें इंग्रजांनीं कबूल केलें. पुढें लंडनच्या डायरेक्टरांचें पत्र येऊन पोंचलें. त्यांत सुरतेचा तह मंजूर केलेला होता! पत्र लिहिणारांना पुरंदरची वार्ता नव्हती. एकाच कंपनीच्या तीन कचेऱ्या, आणि तिन्ही आपापल्या कागदाप्रमाणें बरोबर. मुंबईकरांस या पत्रानें बळ आलें. पुढें फ्रेंच वकील सेंट लुबिन पुण्यास आल्याची भीतिही तिला मिळाली, व मोहीम निघाली. तिचा शेवट जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास मानहानींत झाला. युद्ध मात्र १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत रेंगाळलें. किती माणसें या विलंबापायीं मेलीं, याची नोंद कोणत्याच वहींत नाहीं.

मग मराठ्यांकडे बातमीची व्यवस्था नव्हती काय? होती, व देशांतल्या देशांत ती चपळ होती. दिल्लीस हिंगण्यांसारखे वकील होते. जासूदांच्या जोड्या अहोरात्र धांवत. जमाखर्चाच्या कामीं पेशव्यांचें हुजूर दप्तर कोणास हार जाणारें नव्हतें. परंतु राजकारणी पत्र पुष्कळदां माणसास येई, कचेरीस येत नसे. तें त्याच्या घरींच राही. नानांचे कागद मेणवलीस, पटवर्धनांचे मिरजेकडे. वासुदेवशास्त्री खरे व राजवाडे यांना घरोघर रुमाल सोडीत हिंडावें लागलें, याचें कारण हेंच. दुसरें असें कीं, लंडनास पुणें दरबाराचा कायमचा वकील नव्हता. १७८१ सालीं हनुमंतराव तेथें गेला खरा, पण तो पदच्युत रघुनाथरावाचा माणूस म्हणून. शत्रूचा निर्णय जेथें होतो तेथें आपला डोळा नसणें, ही उणीव शौर्यानें भरून निघण्याजोगी नव्हती.

अभ्यासकांस आमची एक विनंती आहे. पत्राची मिति लावण्यांत आपण पुष्कळ श्रम करितों. तितकेच श्रम पत्र पोंचल्याच्या तारखेसाठीं करावे. आपल्या कागदांवर पैवस्तीची नोंद असते. इंग्रजी नोंदवहींतही पत्र आल्याचा दिवस सांपडतो. दोन्ही तारखा समोरासमोर मांडल्या म्हणजे कोणास केव्हां काय ठाऊक होतें हें कळतें, आणि पुष्कळ ठिकाणीं जो कपटाचा आरोप आपण करितों तो अज्ञानाचा ठरतो. क्वचित् उलटही होतें.

सुएझचा कालवा १८६९ त झाला, १८७० त समुद्रांतील तारेनें मुंबई लंडनशीं जोडली गेली, आणि आज पृथ्वीभर पसरलेल्या व्यापारी संस्थांची वार्ता क्षणांत फिरते. विलंब गेला, पण ज्याला जागेवरचें ठाऊक आहे त्यानें ठरवावें, कीं ज्याच्या हातीं अधिकार आहे त्यानें, हा पुरंदरचा वाद गेलेला नाहीं. त्याचें पहिलें प्रकरण आपल्याच दप्तरांत लिहिलेलें आहे. तें नीट वाचणें हें आपलें काम होय.