कंपायलरच्या इशाऱ्यांच्या पायऱ्या

टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम कंपाइल केला की मधोमध एक चौकट उघडायची. वॉर्निंग्ज किती, एरर्स किती, असे दोन आकडे तिच्यात असायचे. एरर्स शून्य दिसले की 'सक्सेस' आलंच. वॉर्निंगच्या आकड्याकडे सहसा कोणी ढुंकूनही बघायचं नाही. आष्टी-आर्वीकडून सेवाग्राम, नागपूर, अमरावतीला इंजिनीअरिंगला गेलेल्या कितीतरी मुलांची सी भाषेशी ओळख अशीच झाली. अटीत तुलनेच्या दुहेरी चिन्हाऐवजी बरोबरचं एकच चिन्ह पडलं, तर 'पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट' असा इशारा यायचा. प्रोग्रॅम तरीही चालायचा, फक्त उत्तर चुकायचं.

इशारा द्यायचा की नाही, हा वाद सी भाषेइतकाच जुना. सुरुवातीच्या कंपायलरने भराभर भाषांतर करावं, शंका काढत बसू नये, अशी सी जिथे घडली त्या बेल लॅब्जची धारणा होती. शंका काढायला स्टीफन जॉन्सन यांनी १९७८च्या सुमारास 'लिंट' हा वेगळा प्रोग्रॅम लिहिला. पुढे हेच काम कंपायलरांनी स्वतःकडे घेतलं, आणि इशारे इतके वाढले की ते गटागटाने चालू-बंद करायची सोय लागली.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसी या कंपायलरमध्ये (१९८७) या सोयीला नाव मिळालं 'डब्ल्यू-ऑल'. नावात 'ऑल' असलं तरी त्यात सगळे इशारे नाहीत. उरलेल्यांपैकी काहींसाठी 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' लावावं लागतं. जुन्या गटात नवा इशारा घालणं महागात पडतं, कारण 'डब्ल्यू-एरर' लावलेल्यांच्या बिल्डमध्ये प्रत्येक इशारा ही चूकच ठरते. कालपर्यंत तयार होणारं सॉफ्टवेअर कंपायलर बदलताच अडतं.

उलट बाजूचा धोका फेब्रुवारी २०१४मध्ये दिसला. ॲपलच्या सुरक्षा-कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली होती, त्यामुळे पुढची सहीची तपासणी होतच नव्हती. 'या कोडपर्यंत कधीच पोचणार नाही' हा इशारा क्लँग कंपायलरला देता येत होता, पण 'डब्ल्यू-ऑल'मध्ये तो नव्हता. अशा चुका नजरेत याव्यात म्हणून २०१६च्या जीसीसी ६ने फसव्या इंडेंटेशनचा इशारा 'डब्ल्यू-ऑल'मध्येच घातला.

मायक्रोसॉफ्टने नावांऐवजी ० ते ४ असे आकडे वापरले. मेसन या बिल्ड सिस्टीमने दोन्ही जगं एका पर्यायाखाली आणली: ०, १, २, ३ आणि 'एव्हरीथिंग'. १ म्हटलं की जीसीसीला 'डब्ल्यू-ऑल' जातं, २ला 'एक्स्ट्रा'ची भर पडते, ३ला 'पेडँटिक'ची. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला मात्र मेसनचा ३ म्हणजे ४. वापरणाऱ्याला हे माहीत असायची गरज नाही, हाच त्या रचनेचा फायदा.

महाराष्ट्रातही या क्षेत्रात काम झालं. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. पुण्याच्या टीआरडीडीसीत, टाटांच्या १९८१पासूनच्या संशोधन केंद्रात, कोड-तपासणीतले खोटे इशारे कमी कसे करायचे यावर संशोधन झालं. खोट्या इशाऱ्यांनी कंटाळलेला माणूस खराही वाचत नाही.

म्हणून नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याने पहिल्याच दिवशी वरची पायरी निवडावी. पन्नास हजार ओळी झाल्यावर ते जड जातं. शिवाय आजचा इशारा उद्या एरर होऊ शकतो: जाहीर न केलेलं फंक्शन वापरायची मुभा सी भाषेच्या सी-९९ या प्रमाणाने काढली, तरी जीसीसी वर्षानुवर्षं नुसता इशाराच देत राहिलं. २०२४च्या जीसीसी १४मध्ये तो इशारा सरळ एरर झाला.